बीकरमधला वेग

आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. बाबा रेल्वेत इंजिनिअर. कामगारांच्या बाजूने बोलायचे म्हणून बदल्या खात नागपूरहून लखनौला आलेले. तेलीबागच्या घरी मी वाचायला शिकले ती त्यांच्या पत्रकांवर. त्यामुळे माणसाला खरं काय ते ठाऊक असलं की तो बोलतोच, असं मला फार दिवस वाटत राहिलं.

तो कॉलेजात माझ्या वर्गात होता, लखनौजवळच्या बख्शी का तालाबचा, एअर फोर्सवाल्यांचा मुलगा. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत. रासायनिक क्रियेचा वेग आणि रूपांतरण, म्हणजे किती भाग मोडला ते, यांचं नातं मला त्यानेच समजावलं होतं. पाण्यात विष भरपूर असतं तोवर ते भराभर मोडतं. संपत येतं तसा वेग मंदावतो. शेवटचा थोडासा भाग मोडायलाच सर्वांत जास्त वेळ जातो. म्हणून टाकी किती मोठी हवी, हे शेवटाकडे बघून ठरवायचं.

पुढे चिनहटच्या एका लहानशा डिझाइन ऑफिसात आम्ही दोघं लागलो. हिवाळा संपला की लग्न करायचं ठरलं होतं. तेव्हाच एका रंगाच्या कारखान्याचं काम आलं: सांडपाणी नाल्यात सोडण्याआधी त्यातला विषारी भाग मोडणारी टाकी. त्या नाल्याच्या कडेला पालक पिकतो. तोच आमच्या बाजारात येतो.

त्याने नकाशात काढलेली टाकी मला लहान वाटली. हिशेब पाहिला, तर वेळ प्रयोगशाळेतल्या बीकरचा घेतलेला. बीकरमध्ये सगळं पाणी एकदम असतं, म्हणून सुरुवात जोरात होते. सतत वाहत्या, ढवळल्या जाणाऱ्या टाकीत येणारं पाणी आतल्या जवळजवळ साफ पाण्यात लगेच मिसळतं, आणि अख्खी टाकी कायम त्या शेवटच्या मंद वेगानेच चालते. शंभरातले नव्वद भाग मोडायचे तर चौपट टाकी हवी होती. या टाकीत सत्तरच मोडले असते. नवशिक्याकडून ही चूक एकदा होतेच, म्हणून चहाच्या टपरीवर मी हसत हसतच सांगितलं.

तो हसला नाही. "मालूम है यार. शेड में इससे बड़ी आती ही नहीं."

लहान टाक्या एकीपुढे एक लावल्या तरी काम झालं असतं. पण त्यासाठी मालकाला ट्रक उभे करायची जागा सोडावी लागली असती, आणि आमचे साहेब ते बोलायला तयार नव्हते. त्याचे वडील नुकतेच निवृत्त झालेले, घराचं बांधकाम अर्धवट. साहेबांना दुखवणं त्याला परवडणारं नव्हतं, हे मलाही कळत होतं. तरी मी म्हणाले, मीटिंगमध्ये प्रश्न मी विचारते, तू फक्त खरं उत्तर दे.

"वहाँ पर्चे मत बाँटने लगना," तो म्हणाला. मी हसले. त्याचं ते बोलणं मी होकार समजले.

मीटिंगमध्ये मी विचारलं. साहेबांचा चेहरा पडला. कारखान्याचा मालक वयस्कर होता, आणि वाईट माणूस नव्हता. साहेबांना सोडून मालक सरळ याच्याकडे वळला. "बेटा, टंकी आपने बनाई है. बीकर वाली रफ़्तार इसमें मिलेगी?"

त्याने नकाशाकडे पाहिलं.

"मिलेगी, सर."

संध्याकाळी मी नोकरी सोडली. जिथे तक्रार करायची तिथे केली, पोच आली. टाकी उभी राहिली.

नंतर तो तेलीबागला आला. फाटकाशीच थांबला. आई आतून चहाला बोलावत होती. मीच बरोबर होते, असं तो म्हणाला. मालक पुढे कधी तरी दुसरी टाकी लावून घेईल, असंही म्हणाला. टाकी लहान आहे, हे आता मालकाला जाऊन सांगशील का, असं मी विचारलं.

"शादी के बाद इस पर बात करें?"

"लग्न नाही करायचं मला."

त्याने मोटारसायकल वळवली. मग गेला.

आई अजून विचारते, एका टाकीवरून लग्न मोडतं का गं? बाबा तिला गप्प करतात. मी तत्त्वासाठी उभी राहिले, असं त्यांना वाटतं. खरं आहे ते. पण मालकाने विचारलं आणि याने तोंड उघडलं, त्या मधल्या क्षणात मी अगदी निर्धास्त होते. इतकी की मी त्याच्याकडे बघतही नव्हते. मालकाच्या चेहऱ्याकडे बघत होते, याचं उत्तर ऐकून तो कसा बदलतो ते पाहायला. हे मी आई-बाबा दोघांनाही सांगितलेलं नाही.