उसाच्या कडेनं

निमोण्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या आप्पांना प्रत्येक गोष्टीचं लॉजिक लागतं. कारखान्यात सेफ्टीचं काम करून रिटायर झालेत. मुद्दे अजून बोटांवर मोजतात.

बिबट्याची चर्चा सुरू झाल्यापासून माणसं उसाच्या कडेनं जाताना मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावतात. आप्पा हसतात. "भ्यालं की डोकं बंद पडतं. ठसा हाय का? कुनाची शेळी गेली का? मग भ्यायचं कशाला?" त्यांच्या घरच्या काकू म्हणाल्या, "आज मन धजत न्हाई," की आप्पा आणखी एक बोट उघडतात.

परवा दिवस मावळताना आम्ही दोघं शेतातली पाण्याची मोटार चालू करायला निघालो. उसापाशी आप्पा बोलता बोलता थांबले. मला काही दिसलं नाही, काही ऐकूही आलं नाही. मोजणाऱ्या त्या बोटांनी माझं मनगट करकचून धरलं.

"माघारी चल."

"काय दिसलं?"

"काय न्हाई."

"मग लॉजिक काय, आप्पा?"

"ते घरी गेल्यावर सांगतो."

सकाळी जाऊन पाहिलं, तर ठसे नव्हते. लॉजिकही आप्पांनी सांगितलं नाही. मला मात्र चैन पडेना. संध्याकाळी पुन्हा निघालो, तेव्हा त्यांची नजर चुकवत मी मोबाइलवर गाणं लावलं.

उसाकडं बघतच आप्पा म्हणाले, "आवाज वाढव."