निळी गाडी, करडी गाडी आणि आम्ही दोघे साडू

सकाळी चहा घेत होतो आणि फोनवर भास्कररावांचं नाव उमटलं. मी उचलला नाही. हा माणूस इतक्या सकाळी फोन करतोय म्हणजे काहीतरी काम असणार, आणि काम असलं तर ते त्यांच्याच सोयीचं असणार, असा माझा अंदाज. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला. पलीकडं आक्का होत्या, भास्कररावांच्या पत्नी, म्हणजे माझ्या बायकोची, मंगलची, थोरली बहीण. "विलासराव, ह्ये सोडून गेले आमाला…" एवढंच बोलता आलं त्यांना. माझा विश्वास बसला नाही. तसा भास्कररावांच्या कुठल्याच गोष्टीवर माझा कधी विश्वास बसत नसे, पण ह्या एका गोष्टीत तरी त्यांनी मला फसवावं असं त्या क्षणी मनापासून वाटलं. मी आणि मंगल तसेच निघालो. गंगाखेडपर्यंत ती रडत होती आणि मी गाडी चालवत होतो. त्यांच्या दारात निळी गाडी उभी होती, कव्हर घातलेली, आणि भोवती माणसांची गर्दी.

आमचं साडूपण म्हणजे पहिल्यापासून चढाओढ. त्यांचा गंगाखेडला खडीचा क्रशर आणि रस्त्यांची कामं. माझी परभणीत कापसाची जिनिंग. सासुरवाडी दोघांची एकच, पेडगाव. आमचे सासरे, तात्या, लय मिश्कील माणूस. त्यांच्या दारात एकच लिंबाचं झाड आणि त्याच्या सावलीत एकच गाडी मावायची. जो जावई आधी पोचेल त्याची गाडी लिंबाखाली, दुसऱ्याची उकिरड्याच्या कडेला उन्हात. पाटावर आधी कोण बसणार, आधी टॉवेल-टोपी कोणाला, हे वयानं ठरलेलं होतं. तो मान थोरल्या जावयाचा. लिंबाची सावली मात्र जो कमवेल त्याची. त्या सावलीपायी आम्ही काय काय केलं ते आता सांगायलाही कसंतरी वाटतं.

आधी भास्कररावांनी हैदराबादहून ती निळी जर्मन गाडी आणली. जुन्या बाजारातली, पण चार दारांची असून पळायला नुसती चित्ता. पेडगावात पहिल्यांदा आली तेव्हा तात्या तिच्याभोवती फिरून म्हणाले, "हिच्यात ना कडब्याची पेंडी बसायची, ना म्हातारं माणूस वाकून बसायचं. घेतली कशापायी?" भास्करराव नुसते हसले आणि माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात जे होतं ते माझ्या काळजात रुतलं. त्याच महिन्यात मी पुण्याला जाऊन करडी घेऊन आलो. तीही जर्मन, पण दुसऱ्या कंपनीची, त्या निळीची पिढ्यान्‌पिढ्यांची वैरीण. परभणीत तेव्हा लोक म्हणायचे, जिनिंगवाल्याला नाकापेक्षा मोती जड झालाय. होऊ दे, म्हटलं.

आता जे जाणकार वाचक आहेत त्यांच्यासाठी खरं काय ते सांगतो, कारण भास्करराव हयात असताना मी ते कधी कबूल केलं नाही. निळीचं सगळं बळ मागच्या चाकांत. स्टिअरिंग जड, पण हाताला रस्त्याचा प्रत्येक खडा कळणार. वळणावर ती कलतच नाही, जमिनीला चिकटून जाते. जरा जास्त पाय दिला की मागचा भाग हलकेच बाहेर सरकतो आणि माणूस शहाणा असेल तर पुन्हा जागेवर येतो. माझ्या करडीचं बळ चारी चाकांत. उभ्या जागेवरून सुटायला तिला तोड नाही, भिजल्या रस्त्यावर तर निळी तिच्या जवळपासही फिरकत नाही. पण वळणात तिचं तोंड जड. आत वळवायचं म्हटलं की ती बाहेरच्या कडेकडं रेटत राहते आणि स्टिअरिंग इतकं हलकं की काय चाललंय ते हाताला कळू देत नाही. ब्रेक दोन्हींचे जबरदस्त. राहिला आमचा रस्ता. काळ्या मातीतला रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो आणि त्याला लाटा पडतात. त्या लाटांवर निळी टणटण उडायची आणि आतल्या माणसाच्या मणक्याची परीक्षा घ्यायची. करडी तिथं पाळण्यासारखी जायची. भास्करराव तिला "म्हाताऱ्याची गाडी" म्हणायचे. मी म्हणायचो, "तुमच्या गाडीत बसायचं म्हणजे हाडाच्या डॉक्टरची आधी चिठ्ठी घ्यावी लागते." ते असेपर्यंत दोघांनीही दुसऱ्याची गाडी कधी चालवली नाही. त्यांनी मागितली नाही, मी दिली नसती.

गेल्या वर्षी मात्र माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकायला लागली. भास्करराव वरचेवर हैदराबादला जाऊ लागले. का, तर म्हणे गाडीचं काम. आज काय, ब्रेक. उद्या काय, गिअरबॉक्स. आणि जायचे कसे, तर रेल्वेनं! गाडीच्या कामाला माणूस गाडी घरी ठेवून जातो का? मी मंगलला म्हटलं, "कुठंतरी पाणी मुरायलंय. गाडीत काहीतरी मोठा बिघाड हाय आन् ते लपवायलेत. बघ तू, एक दिवस ती माझ्याच गळ्यात मारतेत." मंगल म्हणाली, "तुमाला खामखा शंका. आक्काला विचारू का?" मी नको म्हटलं. विचारलं तर त्यांना कळणार की मला कळलंय.

मग भाऊबीज आली. मी पेडगावला पोचलो तर लिंबाखालची जागा रिकामी! भास्करराव माझ्यानंतर बऱ्याच वेळानं आले, हळूहळू, आणि निळी गुपचूप उकिरड्याच्या कडेला लावली. एक शब्द नाही. वाळले होते जरा. मी म्हटलं डाएट चालू असेल, हल्ली सगळेच करतात. जेवणात पुरणपोळी निम्मी टाकली. दुपारी दोघी बहिणी माहेरीच राहायच्या ठरल्या, तेव्हा भास्करराव माझ्याजवळ आले. "विलासराव, मला गंगाखेडला सोडताव का? माझी गाडी राहू द्या इथंच. पोरगं नेईल नंतर."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे माझी गाडी तपासणार! एवढा लांबचा रस्ता, लाटा, वळणं, सगळं. बाजूला बसून करडीच्या खोडी हेरायच्या, आणि पुढच्या सणाला चारचौघांत तात्यांसमोर काढायच्या. नाही म्हणता येईना, घरातली माणसं बघत होती. मग मीही ठरवलं, ह्यांना काहीच कळू द्यायचं नाही. गाडी अगदी मऊ चालीवर टाकली. वळण आलं की आधीच वेग कमी करायचा, म्हणजे तोंडाचा जडपणा दिसायला नको. खड्डा चुकवायचा, लाट आली की पाय उचलायचा. परभणी ओलांडली तशी एक एसटी आम्हाला मागं टाकून गेली, तरी मी हललो नाही. भास्कररावांनी सीट मागं पाडली आणि डोळे मिटले. मी मनात म्हटलं, वा! डोळे मिटून कान लावलेत, इंजिनाचा आवाज ऐकायलेत. म्हणून मी आणखी हळू घेतली. पोखर्णीच्या पुढं त्यांची मान खांद्याकडं कलली. नाटक बघा, म्हटलं.

गोदावरीचा पूल ओलांडून गंगाखेडात शिरलो तेव्हा त्यांनी डोळे उघडले. घराशी उतरताना दाराला हात धरून क्षणभर थांबले आणि म्हणाले, "साडू… तुमची गाडी सरस हाय. आपण हारलो."

इतक्या वर्षांत ह्या माणसानं माझ्या गाडीच्या आरशालासुद्धा चांगलं म्हटलं नव्हतं. परतीच्या वाटेवर मी त्या वाक्याची सालं काढत आलो. टोमणा होता का? एसटीनं मागं टाकलं त्यावरून? की करडी विकत मागायचा विचार? की तात्यांची रस्त्याकडची जमीन आक्कांच्या नावानं करायला मंगलची सही पाहिजे, म्हणून आधीच लोणी? मंगल माहेराहून परतली तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अवो, चांगलं वाटलं असंल, म्हणून चांगलं म्हणले." मी म्हटलं, तू भोळी हायस. साडू असं उगाच बोलत नसतेत.

त्यानंतर आमची भेट नाही. पुढचा फोन आला तो आक्कांचा.

तेरावं झाल्यावर मी निघत होतो तेव्हा आक्कांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. पोटाचा कॅन्सर होता, म्हणाल्या. हैदराबादच्या खेपा त्या दवाखान्याच्या. कोणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती, आणि मला तर बिलकुल नाही. "ते म्हणायचे, विलासरावांना कळलं तर शर्यत लावायचे न्हाईत माझ्यासंगं. लिंबाखालची जागा सोडून देतील. मग मजा काय राह्यली?"

मग म्हणाल्या, "भाऊबीजेला तुमी सोडलं न्हवं का त्यांला? त्या दिवशी तुमच्या गाडीत झोप लागली होती. लय दिवस झाले, पाठ टेकू देत न्हवतं दुखणं. रात रात बसून राह्यचे. मला पेडगावला फोन केला, तर आवाज असा खुललेला! म्हणले, विलासरावांच्या गाडीत पोट दुखलं न्हाई. पार पुलापर्यंत झोपलो. इतक्या जपून चालवली त्यांनी…"

मी जपून का चालवली ते आक्कांना माहीत नाही. मी सांगितलंही नाही. भास्कररावांचा शब्द खरा होता, सरळ होता, आणि दुखण्यातून सुटका झालेल्या माणसाचा होता. तो मी सोन्यासारखा जपायचा सोडून भिंगाखाली धरून बसलो. मला त्या खोलीत रडू आलं. फार आलं.

आक्कांनी डोळे पुसले आणि निळीची किल्ली माझ्या हातात दिली. "एकदा चालवून या. पोरगं विका म्हणायलंय. मला त्यातलं काही कळत न्हाई. तुमी सांगा, नेमकी कशी हाय."

मी कव्हर काढलं. सीट त्यांच्या मापाची, माझे गुडघे स्टिअरिंगला लागत होते. ती तशीच ठेवली. गावाबाहेर पडलो. लाटांवर निळी टणकली आणि माझा मणका बोलला. ह्या गाडीत त्या दुखऱ्या पोटानं हा माणूस पेडगावपर्यंत आला होता, तोही एक शब्द न काढता. पुढं वळणं लागली. पहिल्या वळणाला मी सवयीनं कचरलो. दुसऱ्याला धीर करून पाय दिला आणि गाडी अशी वळली… काय सांगू! जिथं बघितलं तिथं गेली. सगळा रस्ता तळहातावर आला. "आयला, भास्करराव!" मी मोठ्यानं म्हणालो. शेजारच्या सीटकडं बघूनच म्हणालो.

परत आलो तर आक्का दारातच उभ्या. "बोला. कोणाची सरस?"

"तुमची," मी म्हणालो. "वळणाला तर माझी हिच्या पासंगालाही पुरत न्हाई."

आक्कांनी डोळे बारीक केले. अगदी मी करतो तसे. "खरं बोलायलाव, का मला बरं वाटावं म्हणून?"

मी शपथ घेतली. मंगलची घेतली, पोरांची घेतली, तात्यांचीसुद्धा घेतली. त्यांनी मान हलवली. "इतकी वर्षं नावं ठेवली, आन् आज एकदम सरस? न्हाई बाबा… ठेवा किल्ली तुमच्यापाशीच. माझा इस्वास बसला की मग बघू विकायचं का काय ते."

म्हणून निळी सध्या माझ्या जिनिंगच्या आवारात आहे, करडीच्या शेजारी. दर रविवारी मी ती गंगाखेडच्या रस्त्यावर काढतो आणि आक्कांच्या दारात जाऊन सांगतो की हीच सरस आहे. त्या चहा करतात, ऐकून घेतात आणि म्हणतात, अजून काही पटलं न्हाई. मग मी पुढच्या रविवारी येतो म्हणून उठतो.