आईच्या कॉम्प्युटरला आवाज आला

आईने टाइप केलेल्या एका लग्नपत्रिकेत नवरीच्या आडनावावरचा अनुस्वार राहिला, आणि पत्रिका छापून झाल्यावर ते लक्षात आलं. छापखान्याच्या मालकाचा फोन आला. तो काही रागावला नाही, पण फोन ठेवल्यावर आई तशीच खुर्चीत बसून राहिली. मग मला म्हणाली, "मी नीट वाचून बघितलं होतं रे. मला ते दिसलंच नाही."

त्याआधी बरेच महिने ती स्क्रीनला नाक टेकेल इतकी पुढे सरकून काम करत होती. मधुमेहाने डोळ्यांचा पडदा खराब केला होता. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की उरलेली नजर जपायचा प्रयत्न करू, गेलेली परत येणार नाही.

गिरगावातली खोली सोडून आम्ही भाईंदरला, नवघरला राहायला आलो, त्यानंतर बाबांनी हा कॉम्प्युटर घेतला होता. आई लग्नाआधी मराठी टायपिंग शिकली होती. केबिन रोडच्या छापखान्यांतून तिला घरबसल्या काम मिळायला लागलं. लग्न, बारसं, सत्यनारायण, उत्तरकार्य. आसपासच्या किती घरांची सुखदुःखं तिच्या बोटांखालून गेली असतील, तिलाही सांगता यायचं नाही. बाबा गेले त्या वर्षीही तिने काम थांबवलं नाही. बाबांच्या उत्तरकार्याची पत्रिका तिनेच टाइप केली.

"आता बंद कर हे," मी म्हणालो. "मी कमावतोय ना?"

"बंद करून काय करू? भिंतीकडे बघत बसू? तीही नीट दिसत नाही."

मग ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडून कळलं की स्क्रीनवरचं मराठी वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं. पण आमच्या कॉम्प्युटरवर ते चालेना. सिस्टिम फार जुनी, आणि आईचा मराठी फॉन्ट त्याहून जुना. दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं. त्याने डबा उघडून आत टॉर्च मारला आणि मान हलवली. "आंटी, इसमें अब कुछ नहीं बचा. नया ले लो."

"नवीन घ्या, जुनं घ्या, आतलं सगळं बदला," आई म्हणाली, "पण कीबोर्ड हाच राहू दे. याच्यावर माझ्या बोटांना न बघता सगळं सापडतं."

तिच्या कीबोर्डची पिन जुन्या पद्धतीची, गोल होती. ती बसेल असा मदरबोर्ड दुरुस्तीवाल्याने कुठूनतरी मिळवला. मेमरी वाढवली, नवी डिस्क बसवली, नवी सिस्टिम घातली. टाइपरायटरच्या कळांवरची अक्षरं जिथल्या तिथे ठेवणारं मराठी टायपिंगही मिळालं. मग मी जुन्या डिस्कवरची एक पत्रिका उघडली आणि ती वर-खाली सरकवून बघत राहिलो.

"काय झालं? वाच ना," आई म्हणाली.

"वाचता येत नाहीये, आई. नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतायत."

"म्हणजे गेलं सगळं?"

"गेलं नाही. जुना फॉन्ट नव्या सिस्टिमला कळत नाही. बदलून घेता येईल."

बदलून घेतलं, पण जोडाक्षरं ठिकठिकाणी तुटली. सुट्टीच्या दिवशी मी ती दुरुस्त करत बसायचो. मी अर्धी ओळ वाचली की उरलेली आई न बघता सांगायची.

वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा आवाज मात्र तिला सहन होत नव्हता. एक कळ दाबली की तो बोलायचा. सपाट, कोरडा, कुणाचाच नसलेला आवाज. पहिल्या आठवड्यात तिने वैतागून स्पीकरची वायरच उपटली आणि आत जाऊन पडून राहिली. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर वायर परत लावलेली होती. आई एक शब्द परत परत ऐकत होती.

"अनुस्वार राहिला की हा नाकात बोलत नाही," ती म्हणाली. "कानाला कळतं."

इतकं होऊनही छापखान्याची कामं काही परत आली नाहीत. लग्नाची आमंत्रणं आता लोक मोबाईलवरच तयार करून पाठवतात, आणि पत्रिकेची मांडणी नुसत्या कानाने जमत नाही. आई रोज कॉम्प्युटर लावायची, जुन्या पत्रिका ऐकायची आणि बंद करायची.

एका रविवारी सकाळी नवघर गावातले एक म्हातारे आजोबा आले. त्यांच्या घरच्या सगळ्या पत्रिका पूर्वी आईने केलेल्या. दारातूनच म्हणाले, "बाय, तुला दिसत न्हाय असं आयकलं. आता लिवतेस का न्हाय?"

"लिहिते की. या, बसा. तुम्ही सांगा, मी टाइप करते."

त्यांची बायको वारली होती. उत्तरकार्याची पत्रिका हवी होती. ते थांबत थांबत सांगत होते. मुलगे, सुना, लेकी, नातवंडं. आईने एकदाही घाई केली नाही. सगळी नावं झाल्यावर ते म्हणाले, "ती धवलारीन व्हती. ते पन लिव."

गावातल्या लग्नात धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणायचा मान धवलारणीचा. पत्रिकेत हे कुणी लिहीत नाही. आईने लिहिलं. मग कळ दाबली आणि कॉम्प्युटर वाचायला लागला. तोच सपाट आवाज. आजोबा आधी दचकले, मग कान देऊन ऐकू लागले. बायकोचं नाव आलं तेव्हा त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"परत वाचंल का तो?"

आईने परत ऐकवलं. मग न सांगता आणखी एकदा.

"बरोबर हाय," ते म्हणाले आणि डोळे पुसले.

प्रिंट काढून ओळींची मांडणी मी तपासली. आजोबांनी तो कागद घडी न घालता दोन्ही हातांत धरून नेला. त्यानंतर गावातून अशी माणसं येऊ लागली, ज्यांना आपलं सांगणं बसून ऐकणारं कुणीतरी हवं असतं. आईची नजर आणखी उतरली आहे. आता तिला खिडकी कुठे आहे एवढं कळतं. काम चालू आहे.

त्या दिवशी आजोबा गेल्यावर ती कीबोर्डवर हात ठेवून बसली होती. म्हणाली, "ज्या लग्नांत त्या बाई गायल्या, त्यांतल्या कितीतरी पत्रिका मी केल्या. बोलावणंही असायचं. एकदाही ऐकायला गेले नाही बघ."