शेळ्यांना चालणारा कांदा

मानपाड्याच्या मागे, टॉवरांच्या सावलीत दडलेल्या गावात धाकूचा गोठा म्हणजे भाऊबंदांच्या थट्टेचा विषय होता. जमिनी विकून सगळ्यांनी बंगले बांधले, गोठ्यांच्या जागी गाड्या उभ्या केल्या. बंगला धाकूनेही बांधला, पण गोठ्याला कोणाला हात लावू दिला नाही. तिथे काही शेळ्या आणि एक म्हैस. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून तिचं नाव चांदी. आई मेलेलं ते पारडू धाकूच्या बायकोने, गोदाने, बाटलीने दूध पाजून वाढवलेलं. गोदा जाताना मुलाबद्दल काही बोलली नाही. "चांदीला इकू नको," एवढंच म्हणाली.

धाकू तसा हेका न सोडणारा माणूस. व्यक्ती तितक्या प्रकृती असं लोक म्हणतात, ते त्याला कधी पटलं नाही. घरात कोणी आजारी पडलं की लहानाला आणि म्हाताऱ्याला एकच काढा. एकाला जे बाधत नाही ते दुसऱ्याला का बाधावं, असं त्याचं सरळ म्हणणं, आणि आजवर ते खपूनही गेलं होतं.

यंदा चाऱ्याची पंचाईत झाली. गवताचं शेवटचं मैदान बिल्डरने पत्रे ठोकून बंद केलं. कल्याणच्या मार्केट यार्डात मात्र भिजलेल्या, कोंब फुटलेल्या कांद्याचे ढीग फेकलेले असतात. धाकू कित्येक वर्षं ते पोत्यात भरून शेळ्यांसाठी आणायचा. शेळ्या फस्त करायच्या आणि ठणठणीत राहायच्या. मग चांदीने काय घोडं मारलंय, असं त्याच्या मनात आलं.

चांदीने पहिल्या दिवशी कांदा हुंगला आणि मान फिरवली. "आता तुझं पण नखरं," म्हणत धाकू हसला. त्याने कांदे चिरले, पेंडीत कालवले, वर गूळ कुस्करला आणि स्वतःच्या हाताने भरवले. गोदाच्या म्हशीला उपाशी कसं ठेवायचं? मग रोज तसंच चाललं.

आठवडा होतो न होतो तोच चांदी बसली, ती उठेना. शेण काढायला गेलेली सून हेमा घाबरून बाहेर आली. "बाबा, तिची लघवी बघा. काळ्या चहासारखी झालीय."

जनावरांची डॉक्टर सुमेधा स्कूटरवरून आली. तिने चांदीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतला भाग चुन्यासारखा पांढरा होता. मग तिची नजर कोपऱ्यातल्या पोत्याकडे गेली.

"हिला कांदा घातलात?"

"शेल्या खातान ना. त्यांना कधी काय झाला नाय."

"शेळ्यांना चालतो, काका. म्हशीला नाही."

"रगात तर दोघींचा लाल हाय ना."

सुमेधा हसली नाही. "लाल दिसतं ते हिमोग्लोबिनमुळे. श्वासातला ऑक्सिजन अंगभर पोचवायचं काम त्याचं. काम सगळ्यांत तेच, पण घडण प्रत्येक जनावराची वेगळी. उंच डोंगरावरच्या काही जनावरांचं विरळ हवेतूनही ऑक्सिजन धरतं. मांजराचं इतकं नाजूक, की आपली तापाची गोळी त्याच्या जिवावर उठते. कांद्यातलं विष शेळी बरंचसं सोसते. म्हशीत ते हिमोग्लोबिन नासवतं, रक्तातल्या पेशी फुटतात, आणि तेच लघवीतून बाहेर पडतं. ही श्वास घेतेय, पण तो अंगात नेणारं फारसं काही उरलेलं नाही."

धाकूने चांदीच्या फुललेल्या नाकपुड्यांकडे पाहिलं. एवढी हवा आत जात होती आणि फुकट जात होती.

"दुसऱ्या म्हशीचं रक्त दिलं तर वाचेल कदाचित," सुमेधा म्हणाली. "गावात कोणाकडे आहे?"

धाकू मनातल्या मनात दारोदार फिरून आला. भाऊबंदांपैकी नयनच्या गोठ्यात आता जिम होती, चांगदेवच्या गोठ्यात गाड्या. गावातली शेवटची म्हैस आपल्याकडे आहे, याचा त्याला कालपर्यंत केवढा तोरा होता.

शेवटी कल्याणचा एक तबेलेवाला तयार झाला. "मी रक्त घेऊन येते," म्हणत सुमेधा निघाली. शीळ रस्त्यावर तेव्हा गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या.

धाकू चांदीजवळ बसून राहिला. हिला पहिल्याच दिवशी कळलं होतं, हे त्याला पुन्हा पुन्हा आठवत होतं. तिने मान फिरवली होती. आपण गूळ लावून तिला फसवलं. गोदा असती तर तिने त्या फिरवलेल्या मानेचं ऐकलं असतं, असं वाटून त्याला स्वतःची शिसारी आली.

तोंडात काही गेलं तर बरं, म्हणून त्याने गूळ आणला. आधी साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले, तरी कांद्याचा वास जाईना. तसाच त्याने तळवा पुढे केला. चांदीने हुंगलंसुद्धा नाही. जीभ काढून गूळ घेतला, रिकामा तळवा चाटला आणि डोकं जमिनीवर टेकलं.

सुमेधा रक्ताची पिशवी घेऊन आली तेव्हा हेमा चांदीवर चादर घालत होती.

संध्याकाळी शेळ्या भुकेने ओरडायला लागल्या. घरात दुसरा चारा नव्हता. पोत्याकडे पाहत हेमाने विचारलं, "बाबा, यांना काय घालू?"

"तोच घाल," धाकू म्हणाला. "त्यांना चालतो."

शेळ्या कराकरा खाऊ लागल्या. त्यांना काहीच होणार नव्हतं. ते बघता बघता धाकू सुनेसमोर पहिल्यांदाच हुंदके देऊन रडला.