बाहेरचं बाकडं

माझा दादा नोटरी आहे. त्याआधीपासून तो संशयी आहे. घरी पाहुणा आला तरी त्याच्या तोंडाकडे असा रोखून बघतो, की बिचाऱ्याचा हात आपोआप खिशातल्या ओळखपत्राकडे जावा.

नवरा गेल्यापासून मी त्याच्याच ऑफिसात टायपिंग करते. घर आईवडिलांचं, आता आम्हा दोघा भावंडांच्या नावावर. वर दादा-वहिनी, खाली मी.

लोकांना वाटतं, नोटरी म्हणजे शिक्का मारला की झालं. पण कागदातला मजकूर खरा की खोटा, हे नोटरी सांगतच नाही. तो एवढंच सांगतो, की हा माणूस स्वतः माझ्यासमोर आला, याची ओळख मी पटवली आणि याने समजून-उमजून, स्वखुशीने सही केली. म्हणून घरून सही करून आणलेला कागद दादा सरळ परत करतो. "ही सही होताना मी होतो का तिथे?" ओळखपत्र मूळच लागतं. फोटोतला कान तो समोरच्या कानाशी ताडून बघतो. केस रंगवता येतात म्हणे, कान नाही. मग रजिस्टरात नोंद, सही, आणि सगळ्यात शेवटी शिक्का.

म्हाताऱ्या माणसाला कुणी सोबत घेऊन आलं, की सोबतच्याची रवानगी बाहेरच्या बाकड्यावर. मुलगा असो, नाहीतर जावई. मग दादा विचारतो, "काय लिहिलंय यात? तुमच्या शब्दांत सांगा." आणि मध्येच दार किलकिलं करून बाहेर डोकावतो. "चिमे, चेहरा आवरता येतो गं. पाय आवरत नाही. ज्याचा पाय हलतोय, त्याच्या मनात काळंबेरं आहे." मी हसायचे. एकदा एका भाच्याचा पाय हलताना पाहून त्याने मावशीला पुन्हा खोदून विचारलं, तर ती हमसून हमसून रडायला लागली. तेव्हापासून मी हसत नाही.

गेल्या महिन्यात हाच दादा मला 'चिमूताई' म्हणू लागला. वहिनीने वर चहाला बोलावलं आणि स्वतःची गादीची खुर्ची मला दिली. माझ्या मनात पाल चुकचुकली.

"घराचा कागद करून टाकू," दादा म्हणाला. "तुझा हिस्सा माझ्या नावावर. आधी नोटरी, मग रीतसर नोंदणी. तू राहा की खाली, जन्मभर. नुसती सोय म्हणून."

"कसली सोय?"

"सगळीच."

एका सहीसाठी दहा प्रश्न विचारणारा माणूस, आणि उत्तर एका शब्दाचं!

स्वतःच्या फायद्याच्या कागदावर नोटरीला स्वतःचा शिक्का मारता येत नाही. म्हणून तो मला समोरच्या इमारतीतल्या नोटरीकडे घेऊन गेला. हा त्याचा शाळासोबती. वाळून काडी झालाय, तरी आम्ही त्याला अजून ढब्बूच म्हणतो.

"घरचीच माणसं, आता तुमची कसली ओळख पटवायची!" म्हणत ढब्बूने माझी सही व्हायच्या आतच शिक्का काढून टेबलावर ठेवला. मी दादाकडे पाहिलं. एरवी तो अशा कामाला आग लावेल. आज खिडकीबाहेर बघत होता.

"दादाला बाहेर बसवा," मी म्हटलं.

ढब्बू हसला. दादा नाही हसला. "अगं, मी तुझा भाऊ आहे."

"आपल्याकडे येणारे सगळे असंच काहीतरी सांगतात ना?"

तो उठला. दार लागल्यावर ढब्बूचा सूर बदलला. त्याने ओळखपत्र मागितलं, कागदात काय आहे ते माझ्या तोंडून वदवून घेतलं. मग हळू आवाजात विचारलं, "स्वखुशीने करताय ना?"

खरं सांगते, मला सही करायची होती. बाप गेल्यावर याच दादाने मला वाढवलं. त्याने नुसतं 'मला दे' म्हटलं असतं, तर मी हसत देऊन टाकलं असतं. मी पेन उघडलं. मग उठले आणि दार किलकिलं केलं.

दादा बाकड्यावर ताठ बसला होता. चेहरा अगदी शांत. पायही हलत नव्हता. दोन्ही हातांनी त्याने गुडघा घट्ट दाबून धरला होता.

मी दार लावलं. डोळे भरून आले होते, पण आवाज नीट निघाला.

"नाही," मी ढब्बूला म्हटलं आणि पेनाला टोपण लावलं.