टॉवेलाखालचा करार

बिराजदार सरांना मी शेवटचं भेटले ते दवाखान्यात. नाकात नळी, आवाज खोल गेलेला, पण काळजी एकच. "माझा तास कोण घेणार?" आमच्या कॉमर्स कॉलेजात ते पहिल्या वर्षाला व्यवसाय कायदा शिकवायचे. मी त्यांचीच विद्यार्थिनी, आता तिथंच तासिका तत्त्वावर शिकवते. मी नुसती मान हलवली. तर म्हणाले, "मुंडी हलवू नको, मेघा. तोंडानं बोल की." मी म्हणाले, "मी घेईन, सर." मग कुठं त्यांनी डोळे मिटले... त्याच आठवड्यात सर गेले.

सर मूळचे मंद्रूपचे. वडील जनावरांच्या बाजारात दलाली करायचे. तिथं बैलाचा सौदा टॉवेलाखाली बोटं दाबून ठरतो, शेजारच्याला पत्ता लागत नाही. सरांनी तोच टॉवेल वर्गात आणला. दोघांना पुढं बोलवायचं, हातांवर टॉवेल टाकायचा. एकानं बोटं दाबली की प्रस्ताव, दुसऱ्यानं दाबली की स्वीकृती. आणि दुसरा गप्पच राहिला तर? आम्ही एका सुरात ओरडायचो, "मौन म्हणजे संमती, सर!" मग काय तापायचे! "हीच म्हण लग्नात चालवतात आणि पोरींची वाट लावतात. कायद्यात गप्प बसणं म्हणजे होकार न्हाय! व्हय म्हणा, हौदु म्हणा, अवुनु म्हणा, पण म्हणा!" वर्गात मराठी, कन्नड, तेलुगू अशा सगळ्याच घरांतली पोरं, त्यामुळं हसून हसून पुरेवाट व्हायची. एकदा कुणीतरी धीर करून म्हणालं, मान डोलावली तरी कायद्याला चालतं की, सर. "कायद्याला चालतं. मला न्हाय."

सर गेल्यानंतर विभागाची बैठक झाली. विभागप्रमुख म्हणाले, या विषयाला आता तास कशाला, मोबाईलवर नोट्स टाकू, पोरं पाठ करतील. सगळे चहात बिस्किट बुडवत बसले. "कुणाची हरकत दिसत नाही. म्हणजे मंजूर." माझी नेमणूक दरवर्षी यांच्याच शिफारशीवर होते. तरी मी उठले. "गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे, सर. आणि मी गप्पही नाही. माझा विरोध आहे. तास मी घेईन."

"पुढच्या वर्षाचा विचार करून बोला, मॅडम."

"करूनच बोलतेय."

भीती वाटत होती, रागही आला होता, आणि त्या क्षणी सरांची लई आठवण आली. तास राहिला. पुढच्या वर्षी मी असेन की नाही, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

सरांचा टॉवेल स्टाफरूमच्या दारामागं खुंटीवरच होता. काठ उसवलेला, खडूनं पांढरा पडलेला. मी तो वर्गात नेला, दोन मुलींना पुढं बोलावलं. एकीनं बोटं दाबली. दुसरी, तेलुगू विणकरांच्या घरातली, लाजून माझ्याकडं बघत नुसती मान हलवायला लागली.

"मुंडी हलवू नको गं. तोंडानं बोल की."

तिनं पलीकडची बोटं दाबली, आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली, "अवुनु!"

टॉवेल मी परत खुंटीवर लावला नाही. घडी घालून पर्समध्ये ठेवला. उद्या पुन्हा तास आहे.