प्यायच्या आधीचा फोन

उस्मानपुऱ्यातल्या एका शाळेच्या वर्गात दर रविवारी आम्हा दारू सोडू पाहणाऱ्यांची बैठक भरते. तिथं कुणी कुणाचं आडनाव विचारत नाही. तिथल्या एका काकांचं तर नावही मला माहीत नव्हतं. पन्नाशीचे शिंपी, आठ वर्षं दारूला न शिवलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या तळहातावर पेनानं आपला नंबर लिहिला होता. "प्यायच्या आधी कर. नंतर नको."

दारू सोडल्याच्या एकोणिसाव्या दिवशी कंपनीनं मला कामावरून काढलं. भर दुपारी मी क्रांती चौकाजवळ दारूच्या दुकानासमोर उभा होतो. कसाबसा काकांना फोन लावला.

"कुठंय? तिथंच थांब. फोन ठेवू नको, बोलत राहा."

मी समोरच्या दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत राहिलो. पलीकडून ते "व्हय, पुढं" म्हणत राहिले. वीस मिनिटांनी आले. गळ्यात मापाची टेप तशीच, धाप लागलेली. त्यांनी मला ओढतच चहाच्या टपरीवर नेलं.

"काका, माझ्यामुळं पळत यावं लागलं तुम्हाला."

"तुझ्यामुळं नाय रे. सकाळी घरात लई भांडण झालं. दुकान बंद करून मी पण निघालो होतो. बारच्या पायरीवर पाय ठेवला, अन् तुझा फोन आला."

संध्याकाळपर्यंत आम्ही तिथंच बसलो. एकट्यानं उठायची हिंमत दोघांपैकी कुणालाच नव्हती.